आमिश विधवेची प्रेमकथा लिहिताना: तिला अडवतं काय?

तुमचा प्रश्न एकदा माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. कादंबरी घडते १८६३ साली, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, लँकेस्टर काउंटीत. नायिका आमिश, म्हणजे साधेपणाने, वेगळं राहणाऱ्या एका ख्रिस्ती पंथातली, तिशीतली. नवरा जाऊन दीड वर्ष झालंय, पदरात दोन मुलं आहेत. अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर एक जखमी सैनिक तिच्या गोठ्यात सापडतो. कुणाला कळू न देता ती त्याची शुश्रूषा करते, दोघांची मनं जुळतात आणि शेवटी मुलांना घेऊन ती त्याच्याबरोबर निघून जाते. कच्चा खर्डा वाचलेल्या दोघांनी सांगितलं की ती फार सहज निघाली, पटत नाही. म्हणून तुम्ही विचारताय, समाजाचा जाच वाढवू का, एखादा क्रूर बिशप घालू का?

घालू नका. बिशप जितका क्रूर कराल तितकं तिचं निघून जाणं आणखी सोपं होईल. दुष्ट माणसाच्या तावडीतून सुटणाऱ्या बाईबद्दल वाचकाला प्रश्नच पडत नाही. तुमच्या खर्ड्यात तिला बाहेरून अडवणारं बरंच काही आहे. तिने स्वतः काय शब्द दिलाय आणि कुणाला दिलाय, हे मात्र कुठेच येत नाही. खरी अडचण तिथे आहे.

मी गेली बावीस वर्षं मराठीत ऐतिहासिक कादंबऱ्यांचं संपादन करतेय. लेक लँकेस्टरजवळ राहायची म्हणून काही वर्षं त्या भागात राहिलेही आहे. तरी एक गोष्ट आधीच सांगते. आमिशांमध्ये सगळ्यांवर हुकूम चालवणारं मध्यवर्ती पीठ नाही. प्रत्येक मंडळी, म्हणजे एकत्र उपासना करणारा स्थानिक गट, आपले नियम, ज्यांना ते ‘ऑर्डनुंग’ म्हणतात, स्वतः ठरवते. त्यामुळे ‘आमिश लोक असं करतात’ हे वाक्य नेहमीच अर्धं खरं असतं. साल बदललं, गाव बदललं की तपशील बदलतो. हीच गोष्ट तुम्ही १९१८ सालच्या ओहायोत नेलीत तर सक्तीची सैन्यभरती, युद्धकर्जाच्या रोख्यांवरून झालेले वाद, टेलिफोन, मोटार अशी सगळी मांडणी वेगळी होईल. मी बोलतेय ते १८६३च्या लँकेस्टरबद्दल.

आता त्या सालाचीच एक गंमत बघा. आजचा आमिश माणूस आपल्याला ओळखू येतो तो घोडागाडीमुळे, घरात वीज नसल्यामुळे. १८६३मध्ये ही खूण चालतच नाही. शेजारचा लुथरन, म्हणजे दुसऱ्या ख्रिस्ती पंथातला, शेतकरीसुद्धा घोड्यावरच बसत होता, दिव्याच्याच उजेडात जेवत होता, त्याच्याही परड्यात तीच कोंबडी, तोच कांदा. टेलिफोनचा शोध लागायला अजून तेरा वर्षं होती. म्हणजे तुमच्या सैनिकाला पहिल्या नजरेत हे घर इतर जर्मन शेतकऱ्यांच्या घरासारखंच वाटेल. तुमच्या पहिल्या प्रकरणात तो ‘काळ थांबलेल्या जगात आल्यासारखा’ चकित होतो. तो चकित झालेला माणूस आजचा पर्यटक आहे. १८६३च्या माणसाला फरक हळूहळू, बारीकसारीक गोष्टींतून कळेल. घरातल्या पुरुषांच्या कोटांना बटणं नाहीत, हूक आणि फासे आहेत. लग्न झालेल्यांना दाढी आहे, पण मिशी नाही, कारण मिशी ही सैनिकांची मिरवण्याची गोष्ट समजली जायची. आणि त्याच्या स्वतःच्या निळ्या कोटावर पितळी बटणांची रांग चमकतेय. तो कोट फाटलाय, ती शिवायला घेते, तुटलेलं बटण तिच्या तळहातावर आहे. हा प्रसंग तुमच्या खर्ड्यात एका ओळीत उरकलाय. त्याला दोन पानं द्या. बटण ती लावते की खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून देते, एवढ्यावरून वाचकाला ती कोण आहे हे कळेल.

याच ओघात तीन गोष्टी काढून टाका. एक, ती रंगीत ठिगळांची गोधडी. आमिश गोधड्या आज जगप्रसिद्ध आहेत, पण त्यांच्यात हे काम रुळलं ते त्यानंतर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत. दोन, ‘जुन्या परंपरेचे आमिश’ हे नाव. १८६२पासून त्यांच्या धर्मसेवकांच्या बैठका सुरू झाल्या, १८६५ला मतभेद उघडे पडले आणि वेगळी वाट धरलेल्यांना हे नाव त्यानंतर चिकटलं. तुमच्या कथेच्या वेळी हा वाद धुमसत होता, त्यामुळे वडीलधारी माणसं एरवीपेक्षा जास्त जपून वागत असतील. हे मात्र जरूर वापरा. तीन, तरुणपणी मोकळं सोडण्याचा तो काळ, ‘रुमश्प्रिंगा’. तुमची नायिका तो टप्पा कधीच ओलांडून आलीय, तिच्या गोष्टीत त्याचं काम नाही.

आता ‘विधवा’ या शब्दाकडे येते, कारण मराठी लेखकाचा पाय इथेच अडकतो. हा शब्द लिहिला की आपल्या मनात केशवपन, लाल अलवण, मागच्या खोलीतला अंधार उभा राहतो. आपल्याकडे १८५६ला पुनर्विवाहाचा कायदा झाला, तरी १८९३ला धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं तेव्हा त्यांच्यावर बहिष्कार पडला. हा सगळा इतिहास आपल्या शब्दाला चिकटलेला आहे आणि नकळत तुमच्या नायिकेच्या अंगावर उतरलाय. ती खालमानेने वावरते, लग्नाचा विषय निघाला की दचकते, ‘आपल्याला आता सुखाचा हक्क नाही’ असं मनाशी म्हणते. आमिश विधवा असं म्हणणार नाही. वर्षभर ती काळे कपडे घालेल. त्यानंतर तिने पुन्हा लग्न करावं, असं सगळ्यांनाच वाटत असेल. शेतीला पुरुष हवा, मुलांना बाप हवा आणि मंडळीत एखादा विधुर असतोच, ज्याच्या लेकरांना आई हवी आहे. गहू कापायला शेजारी न बोलावता येतील, डीकन, म्हणजे मंडळीतला गरजूंची काळजी घेणारा सेवक, गरज विचारून जाईल. कायद्यानेही ती अगदीच निराधार नाही. १८४८च्या पेनसिल्व्हेनियातल्या कायद्याने लग्नानंतरही बाईची मालमत्ता तिच्या नावावर राहत होती. मुलांच्या वाट्याची गोष्ट वेगळी. वडील गेलेल्या मुलांच्या मालमत्तेसाठी तिथलं ‘ऑर्फन्स कोर्ट’ पालक नेमायचं आणि तो पालक बहुधा नात्यातला एखादा पुरुष असायचा. मुलांना घेऊन निघताना हा दिर किंवा सासरा वाटेत उभा असणारच.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की बिशपाऐवजी त्या विधुराला आणा. आणि त्याला चांगला करा. कष्टाळू, मुलांशी मायेने बोलणारा, तिच्या मेलेल्या नवऱ्याचा मित्र. त्याने तिचं कुंपण न सांगता दुरुस्त केलेलं असू दे. अशा माणसाला नाही म्हणायला तिच्याकडे कारण नसतं, आणि तरी ती नाही म्हणते. तुमच्या कादंबरीतला पहिला खरा ताण इथे तयार होतो.

आता शब्द देण्याबद्दल. आमिश ज्या परंपरेतून आले ती सुरूच झाली या एका मुद्द्यावरून, की बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यायचा नाही, कळत्या माणसाने तो मागून घ्यायचा. १५२५च्या जानेवारीत झुरिकमध्ये पहिल्यांदा काही प्रौढांनी असा बाप्तिस्मा घेतला. १५२७ला त्यांच्यातल्या फेलिक्स मांत्झला तिथल्याच लिमाट नदीत बुडवून मारलं. पुढे १६९३ला याकोब अम्मान याच्या आग्रहावरून या लोकांत फूट पडली आणि त्याच्या मागे गेलेले ते आमिश. त्याचा आग्रह कशाचा होता, तर शब्द मोडणाऱ्याशी मंडळीने व्यवहार तोडावा याचा. त्याला ‘माइडुंग’ म्हणतात.

तुमच्या नायिकेने लग्नाआधी गुडघे टेकून बाप्तिस्मा घेतलेला आहे, कारण त्याशिवाय तिचं लग्नच झालं नसतं. त्याआधी एक उन्हाळाभर तिने श्रद्धेची अठरा कलमं शिकली असतील. विचार कर, नंतर मोडण्यापेक्षा आत्ता न घेतलेला शब्द बरा, असं तिला अनेकदा विचारलं गेलं असेल. अठरा-वीस वर्षांच्या मुलीने हे पूर्ण समजून केलं का? हा प्रश्न तिने स्वतःला विचारायला हवा. ‘मला जबरदस्तीने बांधलं’ असं तिला म्हणता येत नाही, आणि म्हणूनच तिची रात्रीची झोप जाते.

माइडुंगसाठी तुम्ही ‘वाळीत टाकणं’ वापरलंय. मला हा शब्द इथे खटकतो. आपल्याकडे वाळीत टाकण्यामागे जातपंचायत असते, दंड असतो, सूड असतो. त्याविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ला कायदा करावा लागला. माइडुंगही कठोर आहे, मी ते सौम्य करून सांगत नाहीये. पण त्याचे नियम निराळे आहेत. ते फक्त बाप्तिस्मा घेऊन शब्द मोडणाऱ्याला लागतं. तुमच्या परक्या सैनिकाला ते लागत नाही, तो त्यांच्या पंगतीला बसू शकतो. तिच्या मुलांचा बाप्तिस्मा झालेला नाही, त्यांनाही लागत नाही. लागतं ते फक्त तिला. आणि तिने परत येऊन गुडघे टेकले तर ते त्या दिवशी संपतं. मूळ शब्द ठेवा, आणि त्याचा अर्थ सांगत बसण्याऐवजी जेवणाचा प्रसंग दाखवा. काही घरांत अशा वेळी दोन टेबलं मध्ये थोडीशी फट ठेवून लावतात आणि वरून एकच कापड पसरतात. वरून बघणाऱ्याला एकच टेबल. जिला बसायचं तिला माहीत असतं की कापडाखाली फट आहे. आई लेकीला वाढते, पण वस्तू हातात देत नाही. टेबलावर ठेवते, लेक तिथून उचलते.

दुसरी मोठी सूचना लपवाछपवीबद्दल. तुमची नायिका जखमी सैनिकाला सहा आठवडे लपवून ठेवते, कारण समाजाला कळलं तर गहजब होईल. मला हे उलट वाटतं. या लोकांच्या घरात बायबलशेजारी एक जाडजूड हुतात्मा-चरित्रांचा ग्रंथ असायचा. त्यातली एक गोष्ट त्यांच्या मुलांनाही पाठ असते. १५६९ साली नेदरलँडमध्ये डिर्क विलेम्स नावाचा कैदी गोठलेल्या पाण्यावरून पळत होता. पाठलाग करणारा बर्फ फुटून आत पडला. डिर्क मागे फिरला, त्याला बाहेर काढलं, त्यामुळे पकडला गेला आणि जाळला गेला. ही गोष्ट ऐकत वाढलेली बाई जखमी माणसाला दाराबाहेर ठेवणार नाही आणि त्याला खाऊ घालणं हा गुन्हाही समजणार नाही. ती शेजारणीला सांगेल, शेजारीण रस्सा पाठवेल, विधुर त्याला उचलून आत ठेवायला मदत करेल. शुश्रूषा उघडपणे होऊ दे. अडचण त्याच्या बंदुकीची होईल, ती घरात कुठे ठेवायची याची. मग तो बरा होतो, त्याला जायला हरकत राहत नाही, आणि तिला मनातून वाटतं की अजून आठवडाभर जखम भरू नये. ही गोष्ट ती कुणालाच सांगू शकत नाही. लपवायचं असेल तर हे लपवू द्या.

सैनिकाच्या बाजूनेही एक गाठ आहे, ती तुम्ही सोडूनच दिलीत. बरा होऊन पलटणीत परत न जाणारा सैनिक हा पळपुटा ठरतो आणि त्याला शोधत माणसं येतात. त्यातून १८६३च्या मार्चमध्ये भरतीचा कायदा झाला होता. तीनशे डॉलर भरले की सुटका होई आणि बरेच आमिश ते भरत. पुढच्या वर्षी ही सवलत इतरांसाठी काढून घेतली आणि शस्त्र न धरणाऱ्या पंथांच्या लोकांपुरती ठेवली. अशा वेळी एखादा परका माणूस ‘मला तुमच्यात यायचंय’ म्हणाला तर वडीलधारे काय समजतील? हा बाईसाठी आलाय, लढाई टाळायला आलाय की देवासाठी? त्यांचा संशय रास्त आहे. आणि तुमच्या सैनिकालाही स्वतःचं उत्तर माहीत नसावं, असं मला वाटतं.

नकाशाची एक चूक दुरुस्त करावी लागेल. तुमचा सैनिक ३ जुलैनंतर गेटिसबर्गहून जखमी पायाने चालत लँकेस्टरला येतो. अंतर पन्नास मैलांहून जास्त, आणि मध्ये सस्क्वेहाना नदी. तिच्यावरचा राइट्सव्हिल ते कोलंबिया हा मैलभराहून लांब, छपराचा लाकडी पूल २८ जूनला, म्हणजे लढाईच्या आधीच, उत्तरेच्या फौजेने दक्षिणेच्या सैन्याला अडवायला जाळून टाकला होता. त्याचा उपयोग करून घ्या. त्याला गेटिसबर्गचा न करता त्या पुलावरच्या स्थानिक फौजेतला करा. चकमकीत जखमी होऊन तो जळत्या पुलावरून मागे हटला की आपोआप लँकेस्टरच्या बाजूला येतो. आमिश वस्ती मुख्यतः लँकेस्टर शहराच्या पूर्वेला, त्यामुळे कोलंबियाहून तिथवर कुणाच्या तरी गाडीत त्याला घाला.

शेवट कुठे आणायचा ते त्यांच्या पंचांगावर ठरवा. जुलैत गहू. पानगळीत प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, वर्षातून दोनदा होतं त्यातलं दुसरं. नोव्हेंबरात, कापणी उरकल्यावर, लग्नं. प्रभुभोजनाच्या आधी मंडळीची एक सभा होते. तिथे प्रत्येकाने सांगायचं असतं की माझं देवाशी, मंडळीशी आणि नियमांशी जमलेलं आहे. कुणाचं जमत नसेल तर प्रभुभोजन पुढे जाऊ शकतं. म्हणजे एका बाईच्या मनातल्या गुंत्यासाठी सगळं गाव थांबू शकतं. तुमच्याकडे इतका तयार प्रसंग असताना तुम्ही वादळी रात्रीचं पलायन लिहिलंय. ते काढा. तिला बाकावर बसवा, रांगेतल्या बायका एकेक करून हो म्हणताहेत, तिची पाळी जवळ येतेय.

भाषेबद्दल थोडं. घरात हे लोक पेनसिल्व्हेनिया जर्मन बोलतात, बायबल ल्यूथरच्या जर्मनमध्ये वाचतात, बाहेरच्याशी इंग्रजी बोलतात आणि बाहेरच्या प्रत्येकाला ‘इंग्लिश’च म्हणतात. तुम्ही तिला संस्कृतप्रचुर बोलायला लावलंय, बहुधा धार्मिकपणा दिसावा म्हणून. घरात तिला साधी, घरगुती मराठी द्या. सैनिकाशी बोलताना तिची वाक्यं आखूड, थोडी तोलून असू द्या, कारण ती तिची शिकलेली भाषा आहे. शिवाय आपल्याकडे एक सोय आहे, जी इंग्रजीत लिहिणाऱ्याला नाही: ‘तुम्ही’ आणि ‘तू’. आमिशांत आपसात बहुतेक सगळे एकमेकांना ‘तू’च म्हणतात, बिशपालाही नावानेच हाक मारतात. परक्या सैनिकाला ती ‘तुम्ही’ म्हणेल. ज्या दिवशी ती चुकून त्याला ‘तू’ म्हणेल, त्या दिवशी तिने त्याला प्रियकर मानलं की आपल्यातला एक मानलं, हे दोघांनाही कळणार नाही. तुमच्या खर्ड्यात ती दुसऱ्याच भेटीत ‘तू’ म्हणते आणि ही संधी वाया जाते. त्या काळच्या अमेरिकेतल्या वस्तूंना मराठीत काय म्हणावं, असा प्रश्न पडला तर पंडिता रमाबाईंनी १८८९ला प्रसिद्ध केलेलं अमेरिकेचं प्रवासवृत्त जवळ ठेवा. त्या १८८६ला आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला गेल्या होत्या, म्हणजे याच राज्यात.

राहिला शेवट. तो तिथेच राहून त्यांच्यातला होतो, असा शेवट शक्य आहे, पण त्याला घाई चालणार नाही. भाषा शिकणं, शेतात राबणं, एक उन्हाळा अठरा कलमं, मग बाप्तिस्मा आणि मगच लग्न. शिवाय पळपुटेपणाचा निकाल आधी लावावा लागेल. युद्ध १८६५ला संपेपर्यंत तुम्हाला कथा ताणावी लागेल, आणि तुमचा सैनिक इतका धीराचा मला वाटला नाही. तुमच्या नायिकेला तुम्ही ज्या आवेगाने रंगवलंय त्यावरून ती जाईल, असंच मलाही वाटतं. जाऊ द्या. फक्त तिला दूरच्या शहरात नेऊन कादंबरी संपवू नका. तिला दहा-पंधरा मैलांवर राहू द्या आणि वर्षभराने वडिलांच्या मयतीला घरी आणा. मुलं आजीच्या टेबलावर, सैनिक तिच्या भावांशेजारी, आणि ती फटीच्या पलीकडे. आई कॉफीचा कप तिच्यासमोर टेबलावर ठेवते आणि हात लगेच मागे घेत नाही. मी असते तर इथे थांबले असते.

आणि पहिलं प्रकरण नव्याने लिहिताना एक लक्षात ठेवा, २८ जून १८६३ हा रविवार होता. पूल संध्याकाळी जळला.